शेवटचे पन्नास फूट

या मननात डोळे मिटायचे नाहीत. समोर दारू असणार आहे, बंदुकीची, आणि तिच्याजवळ बसताना डोळे उघडेच लागतात. श्वास मात्र सावकाश घ्या. फोन दुसऱ्या खोलीत ठेवा. कोणी गप्पा मारायला येणार असेल तर त्याला संध्याकाळी यायला सांगा. सोवळ्याओवळ्याचा इथं काही संबंध नाही. हातानं काडतुसं भरणाऱ्यांसाठी लिहिलेल्या पुस्तकांत सुरुवातीलाच ही ताकीद असते, कारण बोलण्याच्या नादात एखाद्या पुंगळीत दारू दोनदा पडते किंवा पडतच नाही, आणि वर गोळी बसली की आत काय झालंय ते कळत नाही.

जागा अमेरिकेतली आहे. मोंटाना राज्याचा पश्चिमेकडचा डोंगराळ भाग, एका घराचं तळघर. भक्कम लाकडी बाक, त्याला नटबोल्टनं आवळलेलं लोखंडी प्रेस, भिंतीला फळी, फळीवर पुस्तकं. महिना जुलै. एल्क या मोठ्या हरणाची रायफलनं शिकार करण्याचा हंगाम तिथं ऑक्टोबरच्या उत्तरार्धात सुरू होतो आणि थँक्सगिव्हिंगनंतरच्या रविवारी संपतो. म्हणजे हाताशी तीन महिने आहेत. या कामाला लागणारं निम्मं सामान म्हणजे हा वेळ.

तुम्हाला स्वतःला हे कधी करायचं नसणार. आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव कायद्यानं आणि पुढे १९९१ च्या दुरुस्तीनं शिकारीचं दार लागलं, आणि ते लागलं हे बरंच झालं असं मी मानतो. तरी बसा. जे काम आपल्याला करायचंच नाही त्याच्याकडे बघताना लोभ आड येत नाही. आणि या बाकावर बसणाऱ्याची खरी झटापट लोभाशीच चालते.

पुंगळी हातात घ्या. एकदा उडालेली, जमिनीवरून वेचून आणलेली, पितळेची. बुडाशी काळपट, मानेशी निमुळती होत गेलेली. हिचं नाव थर्टी-ऑट-सिक्स: नळी शून्य पूर्णांक तीस इंचाची, आणि साल १९०६, ज्या वर्षी अमेरिकन लष्करानं ती स्वीकारली. तीन वर्षांपूर्वीच्या काडतुसाची मान जराशी आखूड केली, जाड बोथट गोळीच्या जागी हलकी टोकदार गोळी बसवली आणि हे तयार झालं. दोन महायुद्धं लढून ते जंगलात आलं. आजही एल्कच्या मागावर निघणाऱ्या कितीतरी माणसांच्या रायफलीत तेच असतं, आणि नव्या नव्या काडतुसांच्या जाहिराती वाचून झाल्यावरही मला त्यात कमी काही दिसत नाही.

घाई करू नका. ही पुंगळी उडाली तेव्हा तिचं काय झालं ते मनात हळू उलगडा. चाप ओढला, बुडातली टिकली पेटली, दारूनं पेट घेतला, आतला वायू चहूबाजूंनी रेटू लागला. पितळ फुगून रायफलीच्या घराच्या भिंतींना चिकटलं. पुढचा भाग असा घट्ट धरलेला असताना बूड मागे सरकलं आणि बोल्टला जाऊन टेकलं. चिकटलेलं अंग आणि सरकलेलं बूड यांच्यामध्ये पितळ ताणलं गेलं, केसभर. दर वेळी केसभर. म्हणून एका तारेचं टोक वाकवून ते पुंगळीच्या आत घालतात आणि बुडाच्या किंचित वर, आतल्या भिंतीवरून हलकेच ओढतात. टोक कुठे अडखळलं, खाच लागली, तर तिथं भिंत पातळ झालेली असते आणि पुढच्या खेपेला ती तिथूनच तुटू शकते. अशी पुंगळी पक्कडीनं चेपून भंगारात टाकायची. चेपायची यासाठी की उद्या मोह होऊन ती परत डब्यात जाऊ नये.

ही तपासणी डोळ्यांची नाही, बोटांची आहे. तुमच्या मनातली तार आतून फिरवा. एक, दुसरी, तिसरी. कंटाळा आला तर तो ओळखून ठेवा, कारण चुका घुसतात त्या त्याच्या आडून.

पुंगळ्यांची सफाई, तेलाचा हात लावून साच्यात दाबून मूळ मापावर आणणं, लांबी वाढली असेल तर मान कातरणं, कड घासणं, हे सगळं लवकर उरकतं. टिकलीबद्दलही फार बोलायला नको. एकच गंमत सांगतो. टिकली बसवण्याच्या दोन पद्धती आहेत. एडवर्ड बॉक्सर या इंग्रज अधिकाऱ्याची पद्धत अमेरिकेत रुजली, आणि हायरम बर्डन या अमेरिकनाची युरोपात. बॉक्सरच्या पुंगळीला बुडाच्या मधोमध एकच भोक असतं, त्यातून सुई घातली की जुनी टिकली बाहेर पडते. अमेरिकेत घरोघरी काडतुसं भरण्याचा छंद पसरला त्यात या एका भोकाचा वाटा मोठा आहे.

आता दारू.

डबा उघडा. एकच डबा. बाकीचे फळीवर, झाकणं लावून. बाकावर एका वेळी एकच दारू, हा नियम मोडणाऱ्यांच्या फुटलेल्या रायफलींचे फोटो छापून आलेले आहेत. चिमूटभर दाणे पांढऱ्या कागदावर ओता. करडे, किंचित चकचकीत, पेन्सिलीचं शिसं बारीक तुकडे करून ठेवावं तसे दिसतात, आणि वरचा लेप खरोखर ग्राफाइटचाच आहे. मुळाशी कापूस आहे. कापसाच्या तंतूंवर नायट्रिक आम्लाची क्रिया करून हा पदार्थ बनतो. ख्रिश्चन शोनबाइन या रसायनशास्त्रज्ञानं १८४६ मध्ये तो जगापुढे आणला. सांडलेलं आम्ल त्यानं बायकोच्या सुती एप्रननं पुसलं, एप्रन चुलीजवळ वाळत टाकला आणि तो भुर्रकन नाहीसा झाला, अशी एक गोष्ट सांगतात. गोष्ट आहे, पुरावा नाही. पण तो मूळ कापूस फार भडक होता, बंदुकीत घालण्याजोगा नव्हता. १८८४ मध्ये पॉल व्येई या फ्रेंच अभियंत्यानं तो विरघळवून, लगदा करून, लाटून, कापून ताब्यात आणला, आणि धूर न करणारी दारू निघाली. आपल्या भंडाऱ्याच्या आयुध निर्माणीत बनते ती याच कुळातली. खडकीच्या कारखान्यातली छऱ्यांची काडतुसं ज्यांनी शेतराखणीच्या बंदुकीत घातली असतील त्यांनी या दारूचा वास घेतलेला आहे.

एक दाणा चिमटीत धरून उजेडाकडे करा. तो भरीव नाही. त्याच्या लांबीतून आरपार एक भोक गेलं आहे. ते का, यावर थोडं रेंगाळू.

दारू पृष्ठभागावरून जळते. भरीव दाणा जळत गेला की तो लहान होतो, पृष्ठभाग कमी होतो आणि वायूही कमी निघू लागतो. पण गोळी तर याच वेळी नळीत पुढे पुढे चाललेली असते आणि तिच्या मागची जागा वाढत असते. म्हणजे जेव्हा जास्त वायू हवा तेव्हाच कमी मिळणार. भोक पाडलं की गणित बदलतं. दाणा बाहेरून जळत आत येतो तसा बाहेरचा पृष्ठभाग आकसतो, आणि त्याच वेळी भोक आतून जळत रुंदावतं, आतला पृष्ठभाग वाढतो. एक घटतो, दुसरा वाढतो, बेरीज जवळपास तीच राहते. शिवाय दाण्याच्या बाहेरच्या थरात ज्वलन रोखणारं द्रव्य मुरवलेलं असतं, त्यामुळे सुरुवात धिमी होते. हे सगळं सेकंदाच्या एक हजारांश भागाहून किंचित जास्त वेळात आटोपतं. एवढ्या वेळातही धीम्या आणि जलद दारूत फरक पडतो, हे मला इतकी वर्षं वाचूनही अद्भुत वाटतं.

तो फरक असा. हलकी गोळी चटकन सरकते, तिच्यामागे वेगानं जळणारी दारू चालते. जड गोळी जागची हलायला वेळ घेते. तिच्यामागे जलद दारू घातली तर गोळी हलायच्या आत दाब शिगेला पोचतो. म्हणून एल्कसाठी एकशेऐंशी ग्रेन वजनाची गोळी निवडली, तर तिच्या जोडीला धिम्या बाजूची दारू शोधतात. पण अति धिमी दारू पुंगळीत मावत नाही, आणि जी मावते ती नळीत पुरती जळत नाही, तोंडाशी नुसता जाळ काढते. दोन्ही टोकांच्या मध्ये काही दारू या पुंगळीला चपखल बसतात. ४३५० हा आकडा त्यात वर्षानुवर्षं आहे.

हा आकडा डब्यावर वाचलात तर पुन्हा वाचा. आयएमआर ४३५० आणि एच ४३५० या दोन निराळ्या दारू आहेत. पहिली ड्यू पाँट कंपनीच्या घराण्यातली, कॅनडात बनत आलेली. दुसरी ऑस्ट्रेलियात मुलवाला इथल्या कारखान्यात बनते. २००३ पासून दोन्ही नावं हॉजडन या एकाच कंपनीकडे आहेत, तरी एकीचं माप दुसरीला लावायचं नाही. ४८३१ चीही हीच कथा. दुसऱ्या महायुद्धानंतर लष्कराकडे उरलेली दारू बेवारस पडली होती. कॅन्ससच्या ब्रूस हॉजडननं ती उचलली आणि गावाबाहेरच्या कुरणात जुन्या मालगाडीच्या डब्यात ठेवून पौंडांवर विकली. त्यातली ४८३१ मुळात वीस मिलिमीटरच्या तोफांसाठी बनलेली. जॅक ओकॉनर या शिकारी लेखकानं आपल्या लाडक्या पॉइंट टू-सेव्हंटी काडतुसासाठी ती उचलून धरली आणि तिचं नाव झालं. साठा संपल्यावर त्याच आकड्याची नवी दारू दोन घराण्यांतून बाजारात आली, आणि दोघींचा जळण्याचा वेग सारखा नव्हता. जुन्या वहीतलं माप नव्या डब्याला लावणाऱ्यानं हे आधी आठवावं.

चार-पाच डबे तुमच्यासमोर आहेत असं समजा आणि त्यांतला एक निवडा. पुस्तकातल्या तक्त्यात तुमची नजर कुठे गेली? बहुतेकांची शेवटच्या रकान्यात जाते, जिथं वेग लिहिलेला असतो, आणि तिथल्या सगळ्यांत मोठ्या आकड्यावर थांबते. ती तिथं गेली हे नोंदवून ठेवा, नंतर लागेल. आता नजर तिथून काढा आणि दुसरं विचारा. ही दारू पुंगळी किती भरते? जवळजवळ काठोकाठ भरत असेल तर एक मोठं संरक्षण आपोआप मिळतं. चुकून दोनदा ओतली तर ती बाहेर सांडते आणि चूक दिसते. अर्ध्या पुंगळीत मावणाऱ्या जलद दारूत हे संरक्षण नसतं. माझं मत विचाराल तर शिकारीच्या काडतुसासाठी दारू निवडताना हा पहिला प्रश्न असावा, वेगाचा शेवटचा.

मग हवामान. आत्ता तळघराबाहेर पस्तीस अंश आहेत. नोव्हेंबरात त्याच डोंगरावर पहाटे उणे वीस असू शकतं. फॅरनहाइटमध्ये मोजलं तर शंभर अंशांचं अंतर. दारूच्या जळण्यावर तापमानाचा परिणाम होतो. जुन्या पद्धतीच्या काही दारूंचा वेग दर अंशामागे सेकंदाला एखाद्या फुटानं हलतो, म्हणजे जुलै ते नोव्हेंबर शंभर फूट. हे उलट बाजूनं जास्त धोक्याचं. थंडीत कमाल मापापर्यंत नेलेलं काडतूस उन्हाळ्यात, तेही उन्हात तापलेल्या गाडीतून काढून उडवलं, तर दाब मर्यादेच्या पार जातो. ब्रिटिशांना हे हिंदुस्थानात कळलं. त्यांची कॉर्डाइट दारू, लांब दोऱ्यांच्या जुड्या करून पुंगळीत घातलेली, आपल्या उन्हात भलतीच तापट व्हायची. तेव्हा बड्या शिकारी रायफलींसाठी उष्ण प्रदेशांकरता कमी दारूची वेगळी काडतुसं बनवू लागले. मुलवालाच्या काही दारूंचा बोलबाला आहे तो याच गुणासाठी, की ऊन असो की हिमवर्षाव, त्या फार हलत नाहीत. तेव्हा आपण ऑस्ट्रेलियाचा डबा बाकावर ठेवू आणि बाकीच्यांकडे पाठ करू. बाजारात तो मिळाला तर, असं म्हणायला हवं. २०२० नंतर टिकल्या आणि दारू यांचा असा तुटवडा पडला होता की लोक जे मिळेल ते घेत आणि मग त्याला साजेसं माप पुस्तकात शोधत.

तराजू समोर ओढा. काटा शून्यावर आहे ना, एकदा ठरलेल्या वजनानं तपासा. पंख्याचा वारा लागत असेल तर पंखा बंद. वजनाचं एकक ग्रेन. एक ग्रेन म्हणजे सुमारे पासष्ट मिलिग्रॅम, सोनाराच्या गुंजेच्या साधारण निम्मा, आणि इथं त्या ग्रेनचाही दहावा हिस्सा बघायचा असतो. सराफाच्या दुकानात आपण काचेपलीकडून काट्याकडे ज्या नजरेनं बघतो ती नजर इथं स्वतःच्याच हातावर ठेवायची.

किती घालायची ते मी सांगणार नाही. ते तुमच्या गोळीच्या, तुमच्या दारूच्या कारखानदारानं छापलेल्या चालू पुस्तकातून घ्यायचं असतं, आणि तेही त्यातला सुरुवातीचा आकडा. कमाल आकड्याच्या साधारण दहा टक्के खालचा. त्याच्याही खाली उतरायचं नाही. धिम्या दारूचं माप फार कमी केलं तर दाब घटण्याऐवजी कधीकधी अचानक उसळतो. असं का होतं यावर जाणकारांत वाद आहेत, पुस्तकांतला इशारा मात्र एकमुखी आहे.

आता चढायचं. अर्ध्या-अर्ध्या ग्रेनच्या पायऱ्या. प्रत्येक पायरीची थोडी काडतुसं, प्रत्येक गटाला चिठ्ठी. मैदानावर जाऊन ती खालून वर या क्रमानं उडवायची, दर गोळीनंतर थांबायचं, पुंगळी उचलून बघायची. थर्टी-ऑट-सिक्सला दाबाची ठरवलेली मर्यादा आहे दर चौरस इंचाला साठ हजार पौंड, म्हणजे दर चौरस सेंटिमीटरवर चार टनांहून जास्त. हा दाब तुमच्या गालापासून वीतभर अंतरावर उठतो. घरी तो मोजायचं साधन बहुतेकांकडे नसतं. मग माणसं खुणा वाचतात: टिकलीच्या कडा चपट्या झाल्या का, बोल्ट उघडताना जड गेला का, बुडावर चकचकीत ठसा उमटला का. या खुणा जरूर बघा, पण त्यांच्या भरवशावर चढू नका. त्या बऱ्याचदा मर्यादा पुष्कळ मागे पडल्यावर दिसतात. खूण दिसेपर्यंत वाढवायचं आणि मग किंचित कमी करायचं, ही जुन्या पिढीची रीत मला कधीच पटलेली नाही.

त्यापेक्षा क्रोनोग्राफ प्रामाणिक. गोळीचा वेग मोजणारं हे यंत्र आता बऱ्याच हौशी लोकांकडे असतं. पुस्तकातल्या कमाल मापावर जो वेग छापलाय तो तुमच्या रायफलीत एक ग्रेन आधीच येऊ लागला, तर समजायचं की दाबही एक ग्रेन आधीच आलाय. वेग फुकट मिळत नाही. नळ्या एकसारख्या नसतात. कुणाची थोडी घट्ट, कुणाची थोडी लांब. छापलेला आकडा कुणाच्या तरी दुसऱ्या नळीचा असतो.

आणि कागदावरची भोकं. इथं पुन्हा सावकाश व्हा. तीन गोळ्यांचा एक गट पाऊण इंचात बसलाय. शेजारच्या मापाचा गट दीड इंचात. मन लगेच म्हणतं, सापडलं. वहीत गोल करावासा वाटतो. तो गोल काढू नका. तीच दोन मापं उद्या पुन्हा उडवा, दहा-दहा. पुष्कळदा दोन्ही गट सव्वा इंचाचे निघतात आणि कालचा फरक विरून जातो. तीन गोळ्या फार थोडं सांगतात. एका दुपारच्या तीन-तीन गोळ्यांवरून दशांश ग्रेनचे निष्कर्ष काढणारी मंडळी मी मोठ्या आदरानं वाचतो, आणि त्यांच्या आलेखांतले बरेचसे चढउतार हा निव्वळ योगायोग आहे असं मानतो. खरा फरक बहुधा दारूच्या किंवा गोळीच्या बदलानं पडतो, अर्ध्या ग्रेननं क्वचितच.

समजा आता तुम्ही कमाल मापाच्या एक ग्रेन खाली आहात. वेग सेकंदाला सुमारे सत्तावीसशे फूट. दहा गोळ्यांचा गट सव्वा इंचात. बोल्ट लोण्यासारखा उघडतोय. आणि पुस्तकातल्या शेवटच्या रकान्यात अजून पन्नास फूट शिल्लक आहेत.

मघाशी नोंदवून ठेवलेली ती नजर आता आठवा. हे पन्नास फूट कोणाला हवेत?

एल्कपासून सुरू करू. तीनशे यार्डांवर आडवा उभा, अंगानं घोड्याएवढा. दोनशे यार्डांवर नेम जुळवलेल्या या रायफलीची गोळी तिथं आठ-नऊ इंच खाली उतरते. पन्नास फूट वेग वाढवला तर ती अर्धा इंच, कदाचित त्याहूनही कमी वर लागेल. त्याच्या हृदय-फुप्फुसांची जागा फूटभराहून मोठी आहे. ताशी दहा मैलांचा आडवा वारा तीच गोळी सहा-सात इंच बाजूला ढकलेल. चढण चढून धापा टाकणाऱ्या माणसाचा हात किती हलेल हे तर कुठल्याच तक्त्यात नाही. एल्कला त्या पन्नास फुटांनी काहीही फरक पडत नाही.

उलट वेगानं गोळीच हरल्याची उदाहरणं आहेत. १९४६ मध्ये जॉन नॉसलर हा शिकारी कॅनडातल्या ब्रिटिश कोलंबियात मूस या थोराड हरणाच्या शिकारीला गेला होता. चिखल वाळून टणक झालेल्या कातड्यावर त्याच्या वेगवान गोळ्या वरच्यावर फुटल्या, आत गेल्याच नाहीत. परत येऊन त्यानं मध्ये आडवी तांब्याची भिंत असलेली गोळी घडवली: पुढचा अर्धा भाग उमलतो, मागचा अखंड आत शिरतो. १९४८ पासून ती विकली जाते. त्या मूसला वेग कमी पडला नव्हता.

गोळीच्या निवडीत आणखी एक जीव येतो, जो शिकाऱ्याला दिसतही नाही. जनावर जागेवरच साफ करतात, आतडी तिथंच राहतात, आणि गरुड, गिधाडं ती खातात. शिशाच्या गोळीचे कणही खातात. कॅलिफोर्नियात कॉन्डोर पक्षी अशा विषबाधेनं मरू लागले, आणि १ जुलै २०१९ पासून तिथं शिकारीत शिशाच्या गोळीला पूर्ण बंदी आहे. मोंटानात तशी बंदी नाही, तरी कित्येक जण आपणहून तांब्याची गोळी घेतात. तांबं शिशाहून हलकं, म्हणून त्याच वजनाची गोळी लांब होते, पुंगळीत जास्त जागा खाते. मग दारूला जागा उरते कमी, आणि आतापर्यंतचं सगळं माप फेकून तिच्या स्वतःच्या तक्त्यापासून पुन्हा पहिल्या पायरीवर यावं लागतं. जुलैत बसायचं ते यासाठीही.

तर एल्कला ते पन्नास फूट नकोत, गरुडाला नकोत. पुंगळीला तर नकोतच. कमाल दाबावर टिकलीचा खळगा लवकर सैल होतो आणि चार-पाच खेपांत ती भंगारात जाते. रायफलीच्या नळीलाही ते झिजवतात. उरला बाकावर बसलेला माणूस. त्याला ते मित्रांना सांगायला हवेत, वहीत लिहायला हवेत, आणि आपण कडेपर्यंत गेलो होतो हे स्वतःला पटवायला हवेत. यात हसण्यासारखं काही नाही. ती ओढ तुमच्यातही आहे का, ते थोडा वेळ बघा. तिला हाकलू नका. फक्त तिच्या हातात तराजू देऊ नका.

माप पक्कं झालं. आता पन्नास काडतुसं भरायची. लाकडी पाटावर पुंगळ्या ओळीनं उभ्या, सगळ्यांत दारू घातली की बॅटरीचा झोत वरून टाकायचा आणि एकेकीत डोकावायचं. पातळी सगळीकडे सारखी हवी. एखादी वेगळी वाटली तर अंदाज न करता ती ओतून पुन्हा तोलायची. मग गोळ्या बसवायच्या. उरलेली दारू ज्या डब्यातून आली त्याच डब्यात, नाव वाचून, परत. हात साबणानं धुवायचे, कारण टिकलीच्या काजळीत शिसं असतं. खोक्यावर दारूचं नाव, तिच्या लॉटचा क्रमांक, वजन, गोळी, टिकली, तारीख लिहायची. लॉट बदलला की पुन्हा एक-दोन पायऱ्या खाली उतरून सुरुवात, नाव तेच असलं तरी.

शिकारीला न्यायची वीस काडतुसं बाजूला काढून प्रत्येक एकदा रायफलीत घालून बोल्ट बंद होतो का ते पाहून घ्यावं, मैदानावर, नळी सुरक्षित दिशेला ठेवून. डोंगरावर बोल्ट अडला तर उपाय नसतो. आणि पहिली कडाक्याची थंडी पडली की त्यांतली काही मुद्दाम रात्रभर बाहेर ठेवून पहाटे उडवून बघावीत. नेम किती हलला तो आकडा वहीत यायलाच हवा.

बाकीची तीस टेबलावरून उडवण्यात अर्थ नाही, टेबलाचं काम झालं. ती गुडघ्यावर बसून, झाडाला टेकून, हातमोजे घालून, दम लागलेला असताना उडवायची, आणि ती संपली की त्याच मापाची आणखी शंभर भरायची.